सरस्वतीची साधी मराठी

१८७८ साली रमाबाई डोंगरे कलकत्त्यात आल्या तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. बरोबर भाऊ श्रीनिवास होता. चार वर्षांपूर्वी दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली, त्यानंतर हे दोघे देशभर पायी फिरत होते, पार काश्मीरपर्यंत. जवळ पैसा नव्हता, घर नव्हतं, ओळखीचं माणूस नव्हतं. होतं ते सगळं डोक्यात. भागवताचे १८,००० श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते असं सांगतात. आकड्यात थोडीफार भक्ताची भर असेल असं धरलं तरी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना प्रश्न विचारले, त्यांची संस्कृतातली उत्तरं ऐकली आणि त्या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ अशा दोन पदव्या दिल्या, हे नक्की. तोवर बाईमाणसाला असं काही द्यायची वेळ त्या मंडळींवर आली नव्हती. पहिली पदवी त्यांच्या नावाला जन्मभर चिकटली. महाराष्ट्र त्यांना आजही पंडिता रमाबाई म्हणून ओळखतो, पण ते ‘पंडिता’ बंगालने दिलेलं आहे हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

मी कोलकात्यात राहते, बांगलातून मराठीत आणि क्वचित उलट दिशेनेही भाषांतर करते. तौलनिक साहित्य शिकताना रमाबाई आमच्या वाचनात आल्या त्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकातून, ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’मधून. त्या भाषांतरकार होत्या आणि आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं त्यांनी एकाच भाषांतरात घातली, हे तेव्हा कुणी बोललं नाही. मला ते खूप उशिरा कळलं. तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागे आहे. देवाने माणसाला जे देऊन पाठवलं, तेच त्याचं कामही असतं का? अंगच्या गुणावरून आपलं ‘पाचारण’ ओळखावं असं ख्रिस्ती मंडळींत म्हणतात. रमाबाईंचं आयुष्य या म्हणण्याला होकारही देतं आणि अडवतंही, आणि ती अडवणूक सुरू होते ती याच शहरात.

पाठांतर ही त्यांची देणगी खरी, पण ती आकाशातून पडलेली नव्हती. अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी ज्या गुरूंकडे शिकत होते ते दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत असत. एक स्त्री संस्कृत म्हणू शकते हे शास्त्रीबोवांनी कानांनी ऐकलं आणि ते विसरले नाहीत. पुढे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं, त्यावरून जातभाईंचा रोष ओढवून घेतला आणि पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. तिथे १८५८ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म झाला. त्यांना शिकवलं ते आईने. पुढे कर्जामुळे घर सुटलं आणि कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागलं. देवळात बसून पुराण म्हणायचं, ऐकणारे जे धान्य-पैसे ठेवतील त्यावर जगायचं. म्हणजे ही देणगी आधी पोटाचं साधन होती.

आणि दुष्काळात ती पोटाला पुरली नाही. आपल्या दुष्काळाच्या आठवणी रमाबाईंनी पुढे लिहून ठेवल्या आहेत, मला त्यांच्या साऱ्या लेखनात त्या सर्वांत कोरड्या आणि म्हणून सर्वांत जड वाटतात. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं. भीक मागायची लाज, मजुरी करायची त्याहून लाज. धर्मग्रंथांपलीकडे कुणाला काही येत नव्हतं. हातांना कामच शिकवलेलं नव्हतं. शेवटी वडिलांनी प्राणत्यागाचं मनात आणलं, तेव्हा कुठे भावाने जातीचा अभिमान सोडून मजुरी करायची तयारी दाखवली. तोवर उशीर झाला होता. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग बहीण.

हे सगळं मागे ठेवून ती मुलगी कलकत्त्यात उभी होती आणि शहर तिच्या विद्वत्तेवर टाळ्या वाजवत होतं. पंडितांनी तिला नुसता मान दिला नाही, कामही दिलं. पडद्यातल्या बायकांना शास्त्राप्रमाणे स्त्रियांची कर्तव्यं समजावून सांगणारी व्याख्यानं तिने द्यावीत, असं ठरलं. किती चोख बसतं पाहा! मुलीला संस्कृत येतं, वक्तृत्व आहे, बाई असल्याने अंतःपुरात प्रवेश आहे. गुणावरून काम ओळखायचं तर याहून सरळ उदाहरण सापडणार नाही.

रमाबाईंनी तयारी मनापासून केली. घरात पुराणं शिकलेली होती, धर्मशास्त्र नव्हतं. तेव्हा त्यांनी कलकत्त्यात छापलेले धर्मशास्त्राचे ग्रंथ विकत घेतले आणि वाचायला बसल्या. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी या वाचनाचा हिशेब दिला आहे. जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर ग्रंथांत परस्परविरोध. एक ग्रंथ जे पवित्र म्हणतो ते दुसरा नाकारतो. मात्र दोन गोष्टींवर धर्मशास्त्रं, महाकाव्यं, पुराणं आणि त्यांच्या काळचे कवी-प्रवचनकार सगळे एकमुखाने बोलत होते: स्त्रीजात, मग ती कुठल्याही वर्णाची असो, असत्यासारखी अपवित्र आहे, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही. तिचा देव म्हणजे नवरा, तिचा धर्म म्हणजे त्याची सेवा.

हे वाचायला त्या शिकल्या होत्या म्हणूनच त्यांना ते कळलं. ज्या बायकांपुढे त्या बोलणार होत्या त्यांना ते वाचता येत नव्हतं, आणि ज्यांनी व्याख्यानाला बोलावलं त्यांना ते खुपत नव्हतं. देणगीने त्यांना ठरलेल्या कामापर्यंत आणलं आणि तिथेच त्या कामातून त्यांचं मन उठवलं.

केशवचंद्र सेनांनी त्यात आणखी एक भर घातली. त्यांच्या घरी भेट झाली तेव्हा त्यांनी विचारलं, वेद वाचलेत का? रमाबाई म्हणाल्या, बायकांना तो अधिकार नाही. केशवचंद्रांनी वेदाची एक प्रत त्यांच्या हाती दिली. धर्म मोडतो आहोत या भीतीने त्या आधी कचरल्या, मग वाचू लागल्या. उपनिषदं, वेदान्तही वाचला. समाधान वाढलं नाही, घटलं. बंगालच्या इतिहासात अशी दारं उघडून देणाऱ्या पुरुषांच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्या कथांत बाई दारातून आत जाते व कृतज्ञ राहते. रमाबाई आत गेल्या, दालन नीट पाहिलं आणि पुढे निघाल्या. मला त्यांच्यात सर्वांत आवडतं ते हे.

कलकत्त्यातलाच आणखी एक प्रसंग, माझ्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. बहीण-भावाला ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं आमंत्रण आलं. तिथले लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकत आणि डोळे मिटत. या दोघांना वाटलं, हे खुर्च्यांची पूजा करतात. ती हकीकत सांगताना रमाबाईंच्या चेहऱ्यावर हसू असावं असं इंग्रजी वाचतानाही जाणवतं. निघताना त्यांना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली. संस्कृत म्हटल्यावर दोघांनी उत्साहाने उघडली. काही कळेना. भाषा त्यांच्या ओळखीच्या संस्कृत वाङ्मयापेक्षा इतकी निराळी, शिकवण इतकी परकी, की हे वाचणं म्हणजे वेळ घालवणं असं ठरवून त्यांनी ती बाजूला ठेवली.

बायबल संस्कृतात आणण्याचा खटाटोप विल्यम कॅरीने श्रीरामपुरात सुरू केला होता. इंग्लंडातला हा चांभार जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला आणि १७९३ साली बंगालात उतरला. आपल्यात काही असेल तर ते चिकाटीने रेटत राहणं, एवढंच त्याने स्वतःबद्दल मान्य केलं. मराठी माणसाने त्याला विसरू नये, कारण १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं ते इथेच, १८१० चा मराठी कोशही इथलाच, आणि फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा त्याच्या मदतीला होते. आपल्या छापील गद्याचं एक जन्मघर हुगळीच्या काठी आहे. संस्कृत नवा करार १८०८ चा. हेतू उघड होता. देशी भाषा सामान्यांसाठी. संस्कृत पंडितांसाठी, म्हणजे धर्म ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी.

सत्तर वर्षांनी त्या बेताला हवी तशी वाचक मिळाली. संस्कृत तिच्या श्वासात होतं, मन अस्वस्थ होतं, धर्मग्रंथांवर ती नाराज होती. आणि पुस्तक तिच्या हातून मिटलं गेलं. भाषांतर करणाऱ्याने ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवावी. पाप, मोक्ष, अवतार, यज्ञ: प्रत्येक शब्दामागे रमाबाईंच्या कानांत हजार श्लोक उभे होते. जो इतका भरलेला आहे त्याला त्याच शब्दांतून दुसरी गोष्ट ऐकू येणं कठीण.

पुढची हकीकत कलकत्त्याबाहेर जाते. १८८० साली श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. बिऱ्हाड आसामात सिल्चरला. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहानसं पुस्तक सापडलं. लूकचं शुभवर्तमान, बांगलातलं. ते घरात कसं आलं हे त्यांना कधीच कळलं नाही. ते मात्र त्यांनी आवडीने वाचलं.

बांगलात हाकेला ‘डाक’ म्हणतात. मराठी वाचकाला तो शब्द टपालाचा वाटतो, आणि मला ती गफलत सुखाची वाटते, कारण सिल्चरच्या कपाटातलं ते पुस्तक खरोखर कुणी न पाठवलेल्या टपालासारखं आलं होतं. पण मला मुद्दा दिसतो तो भाषेचा. बांगला त्यांनी नुकतीच आत्मसात केली होती. या भाषेत त्या पंडिता नव्हत्या. इथे कुठला शब्द त्यांच्यासाठी आधीच भरलेला नव्हता, कुणी परीक्षा घ्यायला बसलं नव्हतं. कॅरीच्याच कारखान्याच्या परंपरेतली दोन भाषांतरं. ज्या भाषेत त्या निष्णात होत्या तिथे कानांना काही लागलं नाही, जिथे शिकाऊ होत्या तिथे लागलं. नवऱ्याला त्यांचा हा ओढा रुचला नव्हता. १८८२ च्या फेब्रुवारीत तो पटकीने गेला, आणि पदरी दहा महिन्यांची मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या.

पुण्यातला आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा, त्यावरून उसळलेला गदारोळ: हे सगळं मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यात एक बारीक गोष्ट राहून जाते. इंग्लंडला त्या डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी हे त्यांनी आयोगापुढे सांगितलं होतं, तेव्हा निवड विचारपूर्वक होती. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकी शक्य नाही असं ठरलं. ज्यांचं सगळं शिक्षण कानावाटे झालं त्यांचे कानच. चेल्टनहॅमला त्या शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. तरुण पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी लिहून कळवलं की माझ्या वडिलांनी आईला किंवा नवऱ्याने मला तरुणांना शिकवण्यापासून कधी अडवलं नाही, आणि आता इंग्रज लोक अडवतात याचं मला नवल वाटतं. देणगी देवाची हे सगळ्यांना मान्य होतं. ती कुठे वापरायची हे मात्र कलकत्त्यात शास्त्री ठरवत होते, इथे बिशप. रमाबाईंनी दोघांचंही ऐकलं नाही.

शब्दांबद्दल एक लहानसं विषयांतर करते. इंग्रजीतला ‘टॅलंट’ हा शब्द मुळात तोलाचा, ग्रीकांकडे ते चांदीचं एक मोठं वजन होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात धनी परगावी जाताना चाकरांकडे अशी चांदी सोपवतो, आणि एक चाकर ती जमिनीत पुरून ठेवतो. त्या गोष्टीवरून शब्दाला अंगच्या गुणाचा अर्थ चिकटला. म्हणजे टॅलंटच्या पोटात ठेव आहे आणि परतीचा हिशेब आहे. आपल्या ‘प्रतिभे’ला सावकार नसतो. ती चमकते, तिचं ती पाहून घेते. ‘देणगी’त देणारा आहे, पण तो परत मागेल असं भय नाही. रमाबाई या तिन्ही शब्दांच्या घरांत राहून आल्या होत्या.

हिशेब झाला केडगावात. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं, पुढे पुण्याला गेलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, छावण्यांतल्या मुली पाहिल्या आणि शेकडोंनी घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी. पुण्याजवळ केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभं राहिलं, हजाराहून अधिक मुली-बायकांचं. तिथे काय शिकवलं जात होतं? लिहिणं-वाचणं होतंच. त्याबरोबर माग, तेलाचा घाणा, गोठा, शेती, शिवण, अंध मुलींसाठी वेगळं सदन, आणि छापखाना. १८७४ साली ज्या घरात कुणाच्याच हातांना काम येत नव्हतं त्या घरची ती वाचलेली मुलगी. तिच्या संस्थेत बिनकामाचे हात कुणाचे राहू नयेत, हा योगायोग म्हणता येत नाही.

आणि याच माळावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतली. बायबल मुळातून मराठीत आणायचं होतं. मराठी बायबल उपलब्ध होतं, पण त्याची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. केडगावच्या त्यांच्या वाचकांना, दुष्काळातून आलेल्या मुलींना, ती कळत नसे. शिवाय त्या जड शब्दांना जुन्या धर्माचे अर्थ लगडलेले. कलकत्त्यात मिटलेलं ते पुस्तक इथे मला पुन्हा दिसतं. भरलेले शब्द गोष्टीच्या आड येतात हे त्यांनी स्वतः वाचक म्हणून सोसलं होतं. त्यांनी ते शब्द टाळले. सरस्वती ही पदवी मिळवणाऱ्या बाईने आपल्या भाषांतरातून संस्कृत निगुतीने बाहेर काढलं, साधी, बोलीजवळची मराठी घेतली आणि मूळ शब्दाला धरून चालायचं पथ्य पाळलं.

यापेक्षा वेगळी वाट शक्य होती, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी चालत होतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी आपली कवित्वशक्ती होती तशी उचलून नव्या दैवताच्या पायी वाहिली. अभंग, ओवी, कीर्तन, सगळं तेच, तुकोबांचा हात धरून ख्रिस्तापर्यंत. मराठी ख्रिस्ती मंडळी त्यांची पदं आजही गातात. टिळकांच्या बाबतीत गुण आणि पाचारण एकाच सुरात लागले. रमाबाईंच्या बाबतीत तसं झालं नाही. ज्या गोष्टीत त्या अतुलनीय होत्या तीच त्यांनी कामाच्या वेळी दाबून धरली. पण एक आहे: कुठला शब्द गाळायचा हे कळायला त्या शब्दाचं सगळं वजन ठाऊक असावं लागतं. निरक्षराला साधं लिहिता येतं असं नाही.

भाषांतर म्हणून ते कसं आहे? माझं मत विचाराल तर, अवघड आहे. मुळाशी इतकं चिकटून चालल्यावर मराठी वाक्य जागोजागी लंगडतं. साधे शब्द आणि परकी ठेवण यांचं जमत नाही. ज्यांच्यासाठी केलं त्यांनाही काही ठिकाणी अडखळायला झालं असणार. चर्चमध्ये बायबल सोसायटीचं भाषांतरच चालू राहिलं, केडगावचं फारसं बाहेर पडलं नाही. गद्याचा डौल पाहायचा तर रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त वाचावं, १८८९ चं. तिथे त्यांची मराठी मोकळी, तिरकस, तेज आहे. ती लेखणी त्यांच्याकडे होती आणि या कामात त्यांनी ती वापरली नाही. एक वाचक म्हणून मला त्याचं वाईट वाटतं. कुणा एका स्त्रीने हिब्रू आणि ग्रीकमधून सबंध बायबल एकहाती एका हिंदुस्थानी भाषेत आणावं, ही गोष्ट मात्र डौलाच्या हिशेबात बसत नाही, तिचा तोल वेगळा.

हे काम सुरू असताना १९२१ साली मनोरमा गेली. संस्थेचा भार तिच्यावर सोपवायचा होता. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर त्यांच्या हातचं काम पुरं झालं होतं. सबंध ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तो छापला केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांनी. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांतले कित्येक हात दुष्काळी छावण्यांतून आलेले होते, आणि अक्षरओळख त्यांना तिथेच झाली होती.